प्रौढ कुत्रा दत्तक घेणे

प्रौढ कुत्रा दत्तक घेणे म्हणजे प्राणी निवारा केंद्रात राहणाऱ्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याची आयुष्यभराची जबाबदारी एखाद्या व्यक्तीने किंवा कुटुंबाने स्वीकारणे होय. सर्वसाधारणपणे एक ते दोन वर्षे वयापासून कुत्रा प्रौढ मानला जातो. लहान जातींचे कुत्रे लवकर, तर मोठ्या जातींचे कुत्रे काहीसे उशिरा प्रौढ होतात. निवारा केंद्रांतून पिल्ले तुलनेने लवकर घरी जातात आणि प्रौढ कुत्रे अधिक काळ मागे राहतात. प्रौढ कुत्र्याचा आकार, शारीरिक क्षमता व स्वभाव बऱ्याच अंशी निश्चित झालेला असतो, हा अशा दत्तकग्रहणाचा मुख्य लाभ मानला जातो. मात्र निवारा केंद्रातील ताणामुळे हा स्वभाव तेथे पूर्णपणे दिसतोच असे नाही. त्यामुळे कुत्र्याविषयी मिळवलेली माहिती आणि घरी आणल्यानंतरचे पहिले काही महिने या दोन बाबी दत्तकग्रहण टिकण्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

## संज्ञा

'दत्तक' हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने वापरला जातो. भारतातील हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा मानवी अपत्यांपुरता मर्यादित असून प्राण्यांना लागू होत नाही. कुत्र्याच्या बाबतीत प्रत्यक्षात ताबा व जबाबदारी यांचे लेखी कराराने हस्तांतर होते. दत्तक घेणे आणि तात्पुरता सांभाळ यांतही फरक केला जातो. तात्पुरत्या सांभाळात कुत्रा ठरावीक काळ स्वयंसेवकाच्या घरी राहतो, परंतु त्याची अंतिम जबाबदारी संस्थेकडेच असते.

## इतिहास

बेवारस कुत्र्यांसाठी स्थापन झालेल्या आधुनिक निवाऱ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध निवारा मेरी टील्बी यांनी १८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात सुरू केला. १८७१ साली तो बॅटरसी येथे हलवण्यात आला आणि पुढे त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

भारतात जखमी व निराधार प्राण्यांसाठी पांजरपोळ ही संस्था त्याआधीपासून अस्तित्वात होती. मुंबईतील पांजरपोळाचा इतिहास थेट कुत्र्यांशी जोडलेला आहे. १८३२ साली भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी समाजाच्या पुढाकाराने मोठा उद्रेक झाला. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शाह यांनी पांजरपोळाची स्थापना केली. पांजरपोळाचा उद्देश प्राण्यांना मरेपर्यंत सांभाळण्याचा होता. त्यांना नव्या घरी देण्याची कल्पना त्यात प्रमुख नव्हती. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय या संस्थेतर्फे चालवले जाते.

स्वातंत्र्यानंतर प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० संमत झाला. या कायद्यान्वये १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९६४ साली चेन्नई येथे ब्लू क्रॉस ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली. पुढील दशकांत मुंबई, पुणे व अन्य शहरांतही बेवारस प्राण्यांवर उपचार करून त्यांना घरे मिळवून देणाऱ्या स्वयंसेवी संस्था उभ्या राहिल्या.

## भारतातील परिस्थिती

युरोप व अमेरिकेतील निवारा केंद्रांत मुख्यतः हरवलेले किंवा मालकांनी सोडलेले पाळीव कुत्रे असतात. भारतातील स्थिती काहीशी वेगळी आहे. प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियम, २००१ आणि त्यांची जागा घेणारे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांना पकडून त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण केले जाते आणि त्यांना मूळ जागीच सोडले जाते. त्यामुळे निरोगी भटके कुत्रे दीर्घकाळ केंद्रात राहणे अपेक्षित नसते. कायम मुक्कामाला असलेल्या प्रौढ कुत्र्यांत पुढील गट आढळतात :

* मालकाचे स्थलांतर, आजारपण, मृत्यू किंवा खर्च न झेपणे यांमुळे सोडलेले पाळीव कुत्रे;
* पैदास केंद्रांनी उपयोग संपल्यावर टाकून दिलेल्या विदेशी जातींच्या माद्या व नर;
* वाहन अपघातात पाय गमावलेले, अर्धांगवायू झालेले किंवा अंध कुत्रे;
* पिल्लू म्हणून दाखल झालेले आणि घर न मिळाल्याने केंद्रातच मोठे झालेले देशी कुत्रे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व परिसरातील भटके कुत्रे निवारा केंद्रांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यात बदल केला. रेबीजबाधित, रेबीजची शंका असलेले व आक्रमक कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास या बदलाने मुभा दिली. इच्छुक नागरिकांना स्थानिक संस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेता येईल; मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असेही या आदेशात नमूद आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजीच्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे हटवून निवाऱ्यांत ठेवण्यास आणि त्यांना त्याच जागी परत न सोडण्यास सांगण्यात आले. अशा तरतुदींमुळे निवाऱ्यांतील प्रौढ कुत्र्यांचे पुढे काय करायचे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे.

## निवारा केंद्रातील वर्तन

निवारा केंद्रातील वातावरण बहुतेक कुत्र्यांसाठी तणावाचे असते. अनोळखी माणसे, बंदिस्त जागा, अपुरी झोप आणि सतत भुंकण्याचा आवाज ही त्यामागील कारणे होत. काही केंद्रांत मोजलेली आवाजाची पातळी १०० डेसिबलहून अधिक आढळली आहे. अमेरिकेत मायकेल हेनेसी व सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केंद्रात दाखल झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घरी राहणाऱ्या कुत्र्यांच्या तुलनेत वाढलेले दिसले.

या ताणाचे प्रकटीकरण दोन टोकांचे असू शकते. काही कुत्रे कोपऱ्यात निपचित पडून राहतात, तर काही जाळीवर झेप घेत अखंड भुंकतात. पहिल्या प्रकारचा कुत्रा 'शांत' आणि दुसरा 'आक्रमक' असा निष्कर्ष पाहणाऱ्याकडून काढला जातो. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. निपचित कुत्रा भीतीने गोठलेला असू शकतो आणि जाळीवर भुंकणारा कुत्रा बाहेर फिरायला नेताच शांत होऊ शकतो. खाण्याच्या भांड्याशी छेडछाड करून घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांवरूनही घरातील वर्तनाचा खात्रीशीर अंदाज बांधता येत नाही, असे काही अभ्यासांत आढळले आहे.

त्यामुळे एका भेटीतील निरीक्षणापेक्षा रोज खाऊ घालणाऱ्या कर्मचाऱ्याची, फिरवणाऱ्या स्वयंसेवकाची किंवा तात्पुरता सांभाळ करणाऱ्या कुटुंबाची माहिती अधिक उपयुक्त मानली जाते. २०१९ साली लिसा गंटर व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, केंद्रातील कुत्र्यांना एक-दोन रात्री घरी मुक्कामास नेल्यावर त्यांच्या कॉर्टिसॉलची पातळी उतरल्याचे दिसून आले. केंद्रात परतल्यावर ती पुन्हा पूर्वीइतकी झाली. असा मुक्काम कुत्र्यासाठी विश्रांतीचा असतोच, शिवाय त्यातून त्याच्या घरातील वागण्याची माहितीही मिळते.

## नवे नाते जोडण्याची क्षमता

पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्याचा काळ हा सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ मानला जातो. या काळात माणसांचा चांगला सहवास न मिळालेले कुत्रे पुढे भित्रे राहण्याची शक्यता अधिक असते. यावरून 'मोठा कुत्रा नव्या माणसाला लागत नाही' असा समज रूढ झाला आहे.

हंगेरीतील मार्टा गाची व सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून वेगळे चित्र पुढे आले. बचाव केंद्रांतील प्रौढ कुत्र्यांना एकाच व्यक्तीने प्रत्येकी दहा मिनिटांप्रमाणे तीन वेळा हाताळले. त्यानंतरच्या चाचणीत हे कुत्रे अनोळखी व्यक्तीपेक्षा त्या व्यक्तीकडे ओढ दाखवू लागल्याचे आढळले. भारतात कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरील कुत्र्यांचा अभ्यास केला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात, अनोळखी माणसाशी वारंवार संपर्क आल्यावर अन्नाच्या बक्षिसापेक्षा कुरवाळण्याने कुत्र्यांचा विश्वास अधिक बसत असल्याचे दिसून आले. नवे नाते जोडण्याची कुत्र्याची क्षमता पिल्लूपणासोबत संपत नाही, असे या निष्कर्षांवरून मानले जाते.

## कुत्र्याची निवड

पिल्लू आणताना त्याचा अंतिम आकार, ऊर्जा व स्वभाव यांचा केवळ अंदाज बांधता येतो. प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत यांतील बरीच माहिती आधीच उपलब्ध असते. निवड करताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

* दिनक्रम : घर रोज किती तास रिकामे राहते आणि कुत्र्याला दिवसातून किती वेळा बाहेर नेता येईल.
* जागा : उद्वाहक नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना वृद्ध किंवा सांधेदुखी असलेला मोठा कुत्रा सांभाळणे कठीण जाते.
* घरातील सदस्य : लहान मुले, वृद्ध व्यक्ती, मांजर किंवा दुसरा कुत्रा यांच्याशी पूर्वी आलेला संबंध. घरातील कुत्र्याशी पहिली भेट शक्यतो घराबाहेर, तटस्थ जागी घडवली जाते.
* खर्च : अन्न, वार्षिक लसी, गोचीड प्रतिबंध, आजारपण व प्रवासकाळातील व्यवस्था.
* हवामान : दाट केसांच्या, थंड प्रदेशांतील जातींना कोकण व विदर्भातील उन्हाळा त्रासदायक ठरतो. देशी कुत्रे स्थानिक हवामानाला सरावलेले असतात.

कुत्र्याचे वय दातांवरून अजमावतात. पिल्लांना २८ दुधाचे दात असतात. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून ४२ कायमचे दात येतात. त्यापुढील वयाचा अंदाज दातांची झीज, त्यांवरील किटण व डोळ्यांच्या भिंगातील निळसर झाक यांवरून करतात. तो ढोबळ असल्याने नोंदीतील वयात काही वर्षांचा फरक संभवतो.

## प्रक्रिया

दत्तक देण्याची पद्धत संस्थेनुसार बदलते. साधारणतः अर्ज, मुलाखत, कुत्र्याशी एक किंवा अधिक भेटी, गृहभेट, ओळख व निवासाच्या पुराव्यांची तपासणी आणि करार असे टप्पे असतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडून घरमालकाची संमती मागितली जाते. कुटुंबातील सर्व प्रौढ सदस्यांची मान्यता आहे की नाही हेही पाहिले जाते. करारात सामान्यतः पुढील अटी असतात : कुत्र्याची विक्री किंवा पैदास न करणे, निर्बीजीकरण झालेले नसल्यास ठरावीक मुदतीत करून घेणे, लसीकरण चालू ठेवणे, पुढील तपासणीस मुभा देणे आणि सांभाळ अशक्य झाल्यास कुत्रा परस्पर कोणास न देता संस्थेकडे परत करणे.

कुत्र्यासोबत लसीकरण पत्रिका, निर्बीजीकरणाची नोंद व उपचारांची कागदपत्रे घेतली जातात. भारतात निर्बीजीकरण झालेल्या रस्त्यावरील कुत्र्याच्या कानाला लहानशी खाच दिलेली असते. काही संस्था त्वचेखाली १५ अंकी ओळख क्रमांक असलेली सूक्ष्मचकती बसवतात. तिच्यात स्थान शोधण्याची सोय नसते. वाचक यंत्र जवळ नेल्यावरच क्रमांक समजतो.

## आरोग्य

पूर्वीच्या लसीकरणाची नोंद नसल्यास पशुवैद्यक ते नव्याने सुरू करतात. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर व संसर्गजन्य यकृतदाह यांविरुद्धच्या लसी प्रमुख आहेत. मुंबई व कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसविरुद्धची लसही दिली जाते.

रस्त्यावर राहिलेल्या प्रौढ कुत्र्यांत गोचिडांमार्फत पसरणारे एर्लिकिओसिस व बाबेसिओसिस हे आजार आढळतात. एर्लिकिओसिस अनेक महिने लक्षणांविना शरीरात राहू शकतो. त्यामुळे दत्तक घेताना रक्ततपासणीचा सल्ला दिला जातो. समागमातून पसरणारा संक्रामक अर्बुद हा विकारही दिसून येतो. तो बहुधा विनक्रिस्टीन या औषधाने बरा होतो. खरूज, आतड्यांतील जंत व दातांचे विकार हेही सामान्य आहेत.

अन्नातील अचानक बदलाने जुलाब होऊ शकतात, म्हणून काही दिवस केंद्रातील अन्न चालू ठेवून हळूहळू बदल केला जातो. अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. द्राक्षे, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण व झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ कुत्र्यांना घातक असतो. त्यामुळे बेदाणे घातलेला शिरा किंवा कांद्याचा रस्साही त्यांना देणे योग्य नसते.

## घरात रुळण्याचा काळ

प्राणी कल्याण संस्था '३-३-३' असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस भांबावलेपणाचे, पहिले तीन आठवडे दिनक्रम समजून घेण्याचे आणि पहिले तीन महिने घर आपले वाटू लागण्याचे असतात, असा त्याचा आशय आहे. हा शास्त्रीय नियम नसून अनुभवातून आलेला अंदाज आहे. काही कुत्रे आठवड्याभरात रुळतात, तर काहींना वर्षही लागते.

पहिल्या दिवसांत कुत्रा न खाणे, सतत झोपणे, पलंगाखाली दडणे किंवा घरात लघवी करणे ही लक्षणे सामान्य होत. या काळात पाहुणे बोलावणे, अंघोळ घालणे, मिठी मारणे व गर्दीत नेणे टाळले जाते. त्याला स्वतःची शांत जागा दिली जाते. अन्न व फिरण्याच्या वेळा ठरावीक ठेवल्या जातात आणि जवळ येण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवला जातो. केंद्रात सौम्य वाटलेला कुत्रा काही आठवड्यांनी भुंकू लागणे किंवा वस्तू राखू लागणे हेही अनपेक्षित नसते, कारण भीती ओसरल्यावर त्याचे खरे वर्तन प्रकट होऊ लागते.

नवा कुत्रा पळून जाण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत विशेष असतो. घराची ओळख पटलेली नसल्याने तो परत येऊ शकत नाही. म्हणून दरवाजे बंद ठेवणे, गळपट्ट्याला दूरध्वनी क्रमांक लावणे व बाहेर दुहेरी पट्टा वापरणे हे उपाय सुचवले जातात. दिवाळीतील फटाक्यांच्या आवाजाने घाबरून अनेक कुत्रे हरवतात. त्यामुळे त्या सुमारास कुत्रा आणणे टाळण्याचा सल्ला दिला जातो.

## वर्तनविषयक अडचणी

एकटे राहिल्यावर अखंड रडणे किंवा दार ओरबाडणे (विभक्तता चिंता), अन्न वा जागा राखताना गुरगुरणे आणि आवाजांची भीती या अडचणी प्रामुख्याने आढळतात. एकटे राहण्याची सवय काही मिनिटांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. गुरगुरणे ही पूर्वसूचना असते. ती शिक्षा करून दडपल्यास कुत्रा इशारा न देता चावण्याचा धोका वाढतो. प्रौढ कुत्रेही नव्या गोष्टी शिकतात. बक्षिसावर आधारित प्रशिक्षण त्यासाठी उपयुक्त ठरते, तर मारहाणीने भीती व आक्रमकता वाढू शकते. लहान मुलांना कुत्र्याजवळ देखरेखीविना सोडले जात नाही.

कुत्रा चावल्यास जखम त्वरित साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरीही हा नियम लागू होतो.

## कुत्रा परत करणे

दत्तक घेतलेले काही कुत्रे केंद्रात परत येतात. वर्तनाविषयीच्या तक्रारी, घरातील दुसऱ्या प्राण्याशी न जमणे, अॅलर्जी, निवास बदल व अपेक्षाभंग ही त्याची प्रमुख कारणे होत. पहिल्या काही आठवड्यांतच असे निर्णय घेतले गेल्यास रुळण्याच्या काळातील तात्पुरते वर्तन हाच कुत्र्याचा कायमचा स्वभाव समजला जाण्याची शक्यता असते. दुसरीकडे, जोडी खरोखर न जुळल्यास कुत्रा संस्थेकडे परत करणे हे त्याला रस्त्यावर सोडण्यापेक्षा निश्चितच योग्य मानले जाते. कुत्रा घरात कसा वागला याची प्रामाणिक माहिती परत करणाऱ्याने दिल्यास पुढील घर निवडताना तिचा उपयोग होतो.

## कायदेशीर बाबी

संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (छ) नुसार सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार भूक वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंडाची तरतूद असून ती अपुरी असल्याची टीका होत आली आहे. प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना आवश्यक असून त्यासाठी रेबीज लसीकरणाचा पुरावा द्यावा लागतो. दत्तक घेतलेला देशी कुत्राही यास अपवाद नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्रे ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र स्वच्छता राखणे व इतर रहिवाशांना उपद्रव होऊ न देणे ही पालकाची जबाबदारी असते.

## हे सुद्धा पहा

* कुत्रा
* पांजरपोळ
* रेबीज
* भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ
* प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०